गुलाबमावशी पुन्हा पडते

सोमवार, ५ जानेवारी
थंडी. माऊसवर बोटं वळत नाहीत. देवरेसरांनी आज नव्या कार्टून पिक्चरची पात्रं वाटली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाई वाटायच्या तशी. पिक्चरचं नाव पक्कं झालं, 'भिंगरी आणि हरवलेली घंटा'. नायिका भिंगरी स्टुडिओतल्या नव्या पोरापोरींकडे. देवळातली घंटा चोरणारा खलनायक लंगडशेठ प्रशांतकडे. आणि भिंगरीची लठ्ठ गुलाबमावशी माझ्याकडे.

सर म्हणाले, "मेघना, तुला ही चांगली जमेल."

खाली मिसळवाल्याचा झारा कढईवर वाजला. प्रशांतच्या डाव्या पायाला लहानपणापासून लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आहे. मी कशी आहे ते मला माहीत आहे आणि माझ्या खाली करकरणाऱ्या खुर्चीला माहीत आहे. बाकीचे सगळे एकदम आपापल्या स्क्रीनमध्ये घुसले.

प्रशांत माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "ताई, निव्वळ गुणवत्तेवर निवड झालीय आपली."

मंगळवार, ६ जानेवारी
स्क्रिप्ट वाचली. मावशी पहिल्यांदा दिसते तेव्हा पडते. भाजी आणायला जाते, पडते. पूजेला बसते, पाट मोडतो, पडते. पडत नसते तेव्हा खात असते. एकदा खाता खाता पडते.

शेवट असा: मावशी घाटाच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली येते आणि थेट लंगडशेठच्या अंगावर. तो पापडासारखा चपटा. घंटा सापडते. गाव नाचतं. समाप्त.

म्हणजे माझं पात्र प्र.च्या पात्रावर आदळणार आणि पिक्चर संपणार. प्र. म्हणाला, "ताई, जरा बेतानं पडा."

तेव्हा हसले. मला राग नेहमी उशिरा येतो, घरी जाताना इंदिरानगरच्या बोगद्यापाशी रिक्षा अडकली की. आजही तिथेच आला. रिक्षावाल्याला उगाच म्हटलं, "लठ्ठ माणसं एवढी पडतात का हो?" तो म्हणाला, "कुठं पडलं कोण?" आणि मान बाहेर काढून बघायला लागला.

गुरुवार, ८ जानेवारी
मावशीची रिग उघडली. घरी सासूबाईंनी (यापुढे सा.बा.) विचारलं, रिग म्हणजे काय. म्हटलं, कॉम्प्युटरमधली सांधे असलेली बाहुली, हातपाय आपण हलवायचे. "मग एवढं शिक्षण कशाला लागलं?" असो.

तर रिग. कोणीतरी भिंगरीचीच बाहुली घेतलीय आणि दोन्ही बाजूंनी आडवी ताणलीय. झाली मावशी तयार. पोट वाढलं, हात तेवढेच राहिले. हात तोंडापर्यंत पोचतच नाहीत! बाईच्या हातात दर सीनला लाडू आहे आणि तो छातीच्या पुढे जात नाही. जाड म्हणून बदनाम आणि वर उपाशी.

सरांना दाखवलं. म्हणाले, "लाडू हवेत उडवून झेलू दे तोंडात."
प्र. : "मग मावशी कशाला, सर्कसच काढू."

भिंगरीची कंबर मोजली. तिच्या मनगटाएवढी आहे. डोळे मात्र पोटापेक्षा मोठे. ती पिक्चरभर पेरू, बोरं, ऊस खाते. खाल्लेलं जातं कुठे, हे कोणालाच विचारावंसं वाटत नाही. सा.बां.ना चित्र दाखवलं. चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "जंत झालेत."

सोमवार, १२ जानेवारी
आमच्या धंद्यात पद्धत आहे. पात्राने जे करायचं ते आधी आपण करायचं, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि तो बघून काम करायचं. याला रेफरन्स म्हणतात. मागच्या पिक्चरला मी माकड होते. तेव्हा काही वाटलं नव्हतं.

आता सरांना मावशीच्या पडण्याचा रेफरन्स हवाय. "आणि पडल्यावर उसळली पाहिजे. चेंडूसारखी. दोनदा."

हॉलमध्ये गादी टाकली. मोबाइल सा.बां.च्या हातात. पहिल्या वेळी माझं डोकंच फ्रेमच्या बाहेर. "डोकं कशाला हवंय? पडताना पाय महत्त्वाचे." दुसऱ्या वेळी रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहिलं. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "अशी काय पडतेस घाबरत? मोकळी पड."

मोकळी पडले. उसळले नाही. धप् झालं आणि संपलं. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "काही पडलं का?"
सा.बा. : "हो, आमची सून. ऑफिसचं काम चालू आहे."

सचिन सातपूरहून शिफ्ट संपवून आला. त्याला विचारलं, इंजिनिअर आहेस ना, मी का उसळत नाही? नवरा उदबत्तीच्या काडीसारखा आहे माझा, पण डोकं शांत. विचार करून म्हणाला, "माणूस उसळत नाही. माणूस बसतो." आणि गादीवर माझ्याशेजारी बसला. चहा तिथेच प्यायलो.

बुधवार, १४ जानेवारी
संक्रांत. ऑफिसात तिळगूळ. सगळ्यांना दोन-दोन, माझ्या हातावर एक. "तुझं डाएट असेल ना!" वाटणारीला वाटलं तिने उपकार केले. मी डाएटवर नाही. मी कधी म्हटलंही नाही. प्र.ने त्याच्यातला एक काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. गोड बोलायची त्याची हीच पद्धत.

संध्याकाळी समोरच्या वहिनींकडे हळदीकुंकू. वाण काय, तर शिवणकामाची टेप. सगळ्यांनाच दिली, हे खरं. पण मला देताना त्यांचा चेहरा पडला ना! "अहो, तुम्हाला म्हणून नाही हं, मी घाऊक आणल्यात." म्हटलं, असू दे वहिनी, उपयोगी पडेल. उद्या भिंगरीचं डोकं मोजते.

शुक्रवार, १६ जानेवारी
सरांनी माझा रेफरन्स बघितला. तोंड वाकडं. "तू उसळत नाहीस."
"नाही सर. प्रयत्न केला."
"आणि मावशी चालताना जमीन हादरली पाहिजे. कपबशा वाजल्या पाहिजेत."
"आमच्या घरात वाजत नाहीत. आठ वर्षं चालतेय मी तिथे."

सर सटाण्याचे. एरवी बोलणं अगदी कॉलेज रोडचं, पण वैतागले की अहिराणी बाहेर येते. स्क्रीनवर बोट आपटत, "मंग हासू काबर नई येत? लहान पोरे शेत बघणारी. त्यांना हासू पाहिजे!" (शेत म्हणजे आहेत, वावर नव्हे.)

सरांवर धड चिडताही येत नाही. प्र. नोकरीला लागला त्या आठवड्यात त्यांनी जिन्याच्या दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवून घेतला होता. कोणाला सांगितलं नाही, उद्घाटन नाही. एक दिवस आलो तर कठडा होता. आणि हाच माणूस म्हणतो, लंगडशेठला काठी द्या, ठक ठक वाजली की चोर आला हे कळतं.

प्र. : "सर, मी येतो तेव्हाही खट् खट् वाजतं."
सर : "तुझं वेगळं रे."
हे 'वेगळं' आम्हाला दोघांनाही ऐकवलं जातं. तू वेगळी. तू वेगळा. मग पिक्चरमध्ये आहेत ते कोण?

मावशीचे हात मात्र नीट करून घेतले. रिग पुन्हा बांधली. आज तिने पहिल्यांदा लाडू खाल्ला. कोणी नसताना टाळी वाजवली मी.

सोमवार, १९ जानेवारी
आज प्र.चा स्फोट. त्याने लंगडशेठच्या चालीला स्वतःचाच रेफरन्स दिलाय. डावा पाय कडक, कंबर जराशी उचलायची, पाऊल बाहेरून फिरवून टाकायचं. फार सुंदर झालीय चाल. आज जोडलेले सीन बघितले. लंगडशेठ देवळाकडे जातो तेव्हा डावा पाय अधू. घंटा घेऊन परत येतो तेव्हा उजवा.

कारण काय, तर आमची जुनी आळशी खोड. पात्र उलट्या दिशेला चालवायचं असलं की नवं काम करायचं नाही, चित्रच आरशातल्यासारखं फिरवायचं. फ्लिप. सगळ्यांचं चालून जातं. लंगडशेठचं कसं चालणार?

सर : "कोणाच्या लक्षात येणार आहे?"
प्र. : "पायाच्या."
सर : "अरे, तो चोर आहे."
प्र. : "असू दे चोर. चोरी करून आल्यावर पाय बदलतो का? मग मीही करतो एक चोरी."

त्यावर सर खो खो हसले, प्र.ही हसला, आणि फ्लिप तसाच राहिला.

गुरुवार, २२ जानेवारी
प्र.ने कोणालाही न विचारता फ्लिप बंद केला. उलट्या चालीची नवी बाहुली करायला वेळ नाही, म्हणून लंगडशेठ आता पिक्चरभर डावीकडून उजवीकडेच जातो. देवळाकडे जाताना डावीकडून उजवीकडे. घरी परतताना डावीकडून उजवीकडे. लपायला, जेवायला, पळायला, सगळं डावीकडून उजवीकडे.

सर सगळे सीन एका दमात बघत होते. म्हणाले, "हा घरी कधी येतो?"
प्र. : "येत नाही. पृथ्वी गोल आहे, पोचेल."

शेवटी नव्या बाहुलीला चार दिवस मंजूर झाले. प्र.ने सगळ्यांना खालून मिसळ मागवली. माझ्यासाठी जादा पाव न विचारता सांगितला. याला मैत्री म्हणतात.

मंगळवार, २७ जानेवारी
शेवटचा सीन. मावशी पडणार, लंगडशेठ चपटा होणार. दोन्ही बाहुल्या एकाच फाइलमध्ये, म्हणून आम्ही दोघं एकाच कॉम्प्युटरवर. दिवसभर असे संवाद:
"ताई, तुमचं कोपर माझ्या डोळ्यात गेलंय."
"तुझी काठी काढ आधी माझ्या पोटातून."
"मला श्वास घ्यायला एक फ्रेम द्या."

सीन करायच्या आधी मी सरांना सरळ सांगितलं होतं, हा शेवट मला आवडत नाही, बदलू या. सर म्हणाले, पैसे आबांचे, आबांना दाखवून ठरवू. आबा म्हणजे निफाडचे मोठे बागाईतदार, द्राक्षं परदेशात पाठवतात. नातवंडांसाठी मराठीत काहीतरी काढा म्हणून तेच सरांच्या मागे लागले होते. शनिवारी येणार आहेत.

सीन झाला. लावला. मावशी गडगडते, क्षणभर हवेत थांबते, खाली बघते, लंगडशेठ वर बघतो, धप्. तोही चपटा आणि त्याची काठीही चपटी. आणि मला हसू आलं. पोट धरून. मीच केलेलं पडणं, मलाच पटत नसलेलं, आणि मीच हसतेय. काम चांगलं झालंय, त्याला काय करणार.

मग बोगदा. आज रिक्षा बराच वेळ अडकली.

बुधवार, २८ जानेवारी
सचिनला म्हटलं, मला नक्की काय हवंय तेच कळत नाही. पडूच नये का तिने? पडू दे की. मी पडते. तूही पडतोस. मागच्या पावसाळ्यात स्कूटरसकट पडलास.
"तेव्हा सगळे धावले होते," सचिन म्हणाला, "आणि तू पडली असतीस तर..."
कढी वाढून घ्यायला लागला.

मावशीशी माझं भांडण नाही. तिने पडण्याशिवाय आणखी काहीतरी असावं पिक्चरमध्ये, एवढंच. लाडू खाता येतो तिला आता. त्याच्या पुढे काही.

शनिवार, ३१ जानेवारी
आबा आले. द्राक्षांच्या दोन पेट्या घेऊन आले. आणि बायकोला, म्हणजे काकूंनाही घेऊन आले, हे कोणाला अपेक्षित नव्हतं. आबा मोठे आहेत, काकू त्याहून मोठ्या. हिरवं नऊवारी, दारातून आत येताना सगळ्यांकडे बघून हसल्या. आमच्या खुर्च्या हाताच्या, अरुंद. मी मीटिंगरूममधला बिनहाताचा बाक ओढून आणला. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. बास. ओळख झाली.

पिक्चर लावला. मावशी पहिल्यांदा पडली आणि आबा फुटले. "लय भारी! आमची मंडळी..." एवढं म्हणाले आणि शेजारी मंडळी बसलीय हे आठवलं. मग काय विचारता! पुढच्या प्रत्येक पडण्याला आबांना खोकला. रुमाल तोंडावर, खांदे गदगदतायत, डोळ्यांतून पाणी. सर एकदा पडद्याकडे, एकदा आबांकडे. पाट मोडला तेव्हा आबा उठून पाणी प्यायला बाहेरच गेले.

काकू मात्र द्राक्षं खात बघत होत्या. शेवट झाला, धप्, चपटा, गाव नाचलं, दिवे लागले.

सर म्हणाले, "कसा वाटला काकू?"

काकू म्हणाल्या, "ग्वाड हाय पोरगी. पन वाळलेली हाय." (भिंगरी.) मग म्हणाल्या, "एक इचारू का? ती मावशी एवढ्या वेळा पडती. पडू दे, मानूस हाय, पडतंय. पन येकदाबी तिला उठवाया कोनीच कसं येत नाय?"

सरांनी रिमोट उगाच टेबलावर सरळ ठेवला. मी मनात सगळे सीन भराभर मागे फिरवले. खरंच. पाट मोडला तेव्हा गाव हसतं. बाजारात पडली तेव्हा भिंगरी लाडू उचलते, मावशीला नाही. हे सगळं मी केलंय. फ्रेम फ्रेम करून मी केलंय, आणि महिनाभर माझ्या लक्षात आलं नाही.

आबा म्हणाले, "ती नाय म्हनती तर बघा कायतरी देवरे."
"हासनं नाय काढायचं हां," काकू म्हणाल्या. "हासलंच पाहिजे. मंग हात द्यायचा."

जाताना जिन्यात काकूंनी दोन्ही कठडे धरले. "हे ब्येस केलंय," म्हणाल्या. सर लाजले.

रविवार, १ फेब्रुवारी
मिसळ खायला बाहेर. सा.बां.ना काकूंचं बोलणं सांगितलं. त्यांनी तर्रीचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "तू कुठे कोणाला उठवू देतेस?"
म्हटलं, हे कुठून काढलंत?
"उगाच," म्हणाल्या. आणि माझ्या ताटलीतला पापड उचलला.

सोमवार, २ फेब्रुवारी
बैठक. मावशीला उठवणार कोण? भिंगरीने प्रयत्न केला तर कंबरेत मोडेल. गावकरी नाचतायत, त्यांना थांबवलं तर गाण्याचं काम वाया. उरलं कोण? जो तिच्याखाली चपटा झालाय तो.

प्र. म्हणाला, "मीच देतो ना हात. चपटा झालो, फुगलो, उठलो, हात दिला. त्यानंतर पकडा मला."
सर : "चोर हात देईल?"
प्र. : "चोरी घंटेची केलीय सर. हाताची नाही."

सरांना पटलं आणि नाहीही पटलं. आठवडा दिलाय. पुढच्या सोमवारी बघणार. जमलं तर हा शेवट, नाही तर जुना आहेच तयार, चपटा, नाच, समाप्त. मला हा सीन इतका हवाय की भूक लागली नाही दुपारी. प्र. म्हणाला, "हे गंभीर आहे."

बुधवार, ४ फेब्रुवारी
रेफरन्स. आमच्या घरी, कारण ऑफिसात सगळे बघतात. गादी टाकली. मोबाइल सा.बां.कडे. प्र. दारापासून चालत येणार, हात देणार, मी उठणार. सोपं.

पहिला टेक. पडले. प्र. खट् खट् करत निघाला. तो पोचला तेव्हा मी उभी.
"ताई?"
"अरे, सॉरी. सवय."
दुसरा टेक. पडले. तो टीपॉयपर्यंत आला. मी उभी, आणि वर पदर झटकतेय. पंजाबी ड्रेस घातलेला, पदर नाहीच.
तिसरा. मी उठून "काही नाही, काही नाही" असंही म्हटलं. व्हिडिओत ऐकू येतंय. कोणाला सांगत होते कोण जाणे. खोलीत प्र. आणि सा.बा.
सा.बा. मोबाइलच्या मागून म्हणाल्या, "सांगितलं होतं की नाही मी?"

चौथ्या टेकला मी ठरवून पडून राहिले. सोफ्याखाली सा.बां.चा हरवलेला चष्म्याचा डबा दिसला. मी "सापडला!" म्हणून ओरडले. सा.बां.नी मोबाइल ठेवला आणि डबा काढायला वाकल्या. टेक गेला.

आजचा हिशोब: डबा मिळाला. सीन नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
पुन्हा. पुन्हा तेच. धप् झालं की माझं अंग आपोआप उठतं, कोणी बघायच्या आत. एवढी चपळाई मला एरवी कुठल्याच कामात नाही.

प्र. टीपॉयला टेकून उभा राहिला. म्हणाला, "मीपण असाच उठतो. गेल्या वर्षी अशोकस्तंभाच्या सिग्नलला पडलो. कॅलिपरचं गुडघ्यापाशी असतं ते कुलूप लावलेलं नव्हतं, तरी उठलो. कसा ते अजून कळलं नाही. हात पुढे आले होते चार-पाच, मी बघितलेच नाहीत."
"लागलं होतं?"
"भरपूर. घरी जाऊन बघितलं."

चहा झाला. मग तो म्हणाला, "ताई, उद्या नको, रविवारी येतो. तुम्ही फक्त पडून राहा. मला वेळ लागतो, माहितीय ना तुम्हाला? पण मी येतोय."

सगळ्या टेकमध्ये मी त्याची वाट न बघता उठले, आणि त्याला वाटलं असेल की तो हळू आहे म्हणून. हे मला आज कळलं. सिंकमध्ये कप घासताना डोळे भरून आले. सा.बां.नी बघितलं, म्हणाल्या, "कप आहे तो. कढई नाही. किती घासशील."

रविवार, ८ फेब्रुवारी
सचिन घरी, म्हणून त्याला मोबाइल दिला. सा.बां.ना बाल्कनीत बसवलं, डब्यासकट.

पडले. धप्. आणि राहिले. पंख्यावर धूळ आहे. थंडीभर लावला नाही ना. खट्. मग पाऊल फिरवल्याचा आवाज. खट्. फार वेळ लागतो माणसाला यायला. गादीबाहेर गेलेल्या टाचांना फरशी गार लागते. उठावंसं वाटत होतं, पाय हललेही. मग वरून प्र.चा चेहरा दिसला, उलटा. त्याने सोफ्याच्या पाठीला एक हात लावला, उजवा पाय रोवला, डावा मागे ताठ, कुलूप लावलेला. दुसरा हात खाली.

मला वाटलं होतं तो ओढेल आणि दोघं पडू. त्याने ओढलं नाही. तो नुसता खुंटासारखा उभा राहिला आणि मी त्याला धरून उठले. जड लागलं नाही कोणालाच. उभं राहिल्यावर दोघांनाही धाप, आणि मग हसू, आणि सचिन मोबाइल हलवू नये म्हणून ओठ दाबून हसतोय. बाल्कनीतून सा.बा. : "झालं का? की अजून कोणी पडायचं बाकी आहे?"

प्र. गेल्यावर व्हिडिओ दोनदा बघितला. लांब आहे. सर म्हणणार, कापा, पोरं कंटाळतील. प्र.ने जाताना बजावलंय, येण्यातली एक फ्रेमही कापायची नाही.

आणखी एक दिसलं. पडद्यावर प्र. अजून दाराशीच आहे, पहिलं पाऊलही नीट पडलेलं नाही. आणि इकडे गादीवर माझा हात वर गेलाय. तो येईपर्यंत तसाच वर आहे. मला आठवतच नाही मी तो कधी उचलला.

सरांना पाठवलाय. त्यांनी बघितलाय असं दिसतंय. 'टायपिंग' येतं, जातं, पुन्हा येतं. उद्या सोमवार. सा.बां.नी विचारलं, गादी उचलू का? म्हटलं, आजची रात्र राहू दे.